पुराचें लांकूड आणि काचपेटींतील मासे

पावसाळ्यांत पूर ओसरला म्हणजे बुलढाणा जिल्ह्यांत घाटावर पैनगंगेच्या, आणि घाटाखालीं नळगंगा, ज्ञानगंगा व पूर्णा यांच्या कांठीं मुळ्या, खोडें व वांकड्या फांद्या येऊन पडतात. घरीं काचपेटींत मासे पाळणाऱ्यास अशा तुकड्याचा मोह पडतो, आणि तो अयोग्यही नाहीं. लांकडाच्या आडोशाला मासे निर्धास्त राहतात. परंतु नदीनें धुतलें म्हणजे लांकूड शुद्ध झालें, ही समजूत मात्र घातक होय.

घाटाखालचा मुलूख कपाशीचा. कपाशीवर कीटकनाशकें फवारतात, आणि पावसाचें पाणी शेतांतून ओढ्यांत व ओढ्यांतून नदींत जातें. सच्छिद्र लांकूड तें शोषून घेतें. उकळण्यानें बुरशी, जंतु व किड्यांचीं अंडीं मरतात. मुरलेलें विष निघून जाईलच, असा भरंवसा नाहीं. पायरेथ्रॉइड वर्गाचीं औषधें तर माणसाला जाणवणारही नाहीं इतक्या अल्प प्रमाणांत माशांचा प्राण घेतात. म्हणून शेताच्या चरांत अगर गांवाच्या गटारापाशीं अडकलेलें, तेल वा रंग लागलेलें लांकूड कितीही सुंदर असो, तेथेंच सोडावें. कण्हेरीचें लांकूड विषारी असतें. तें उकळण्यासही घेऊं नये. लोणार व ज्ञानगंगा हीं अभयारण्यें असल्यामुळें तेथील काटकीलाही हात लावूं नये.

निवडलेला तुकडा जुना, वाळलेला व कठीण असावा. नख सहज रुतत असेल तर तो आंतून कुजला आहे असें समजावें. साल पूर्ण सोलावी आणि राठ कुंच्यानें घासावें. साबण लावूं नये, कारण तोही लांकडांत मुरतो. मग रुंद, उघड्या भांड्यांत तास-दोन तास उकळावें. झांकण घट्ट बसणारा कुकर येथें कामाचा नाहीं, आणि हें भांडें पुन्हां स्वयंपाकाला घेऊं नये.

त्यानंतर तें बुडवून ठेवावें व पाणी वरचेवर बदलावें. शेगांव, संग्रामपूर, जळगांव जामोद या भागांत खारपाण पट्टा आहे. तेथील विहिरीचें खारट पाणी उकळतांना आटतें आणि क्षार लांकडांत साचतात. अशा ठिकाणीं पावसाचें साठविलेलें पाणी बरें.

पाण्याला चहासारखा रंग येतो तो लांकडांतील टॅनिनचा. त्यानें पाणी किंचित् आम्ल होतें, पण बहुतेक माशांस अपाय होत नाहीं. लांकूड तरंगतें तें आंतील हवेमुळें. लांकडाचा मूळ पदार्थ पाण्याच्या सुमारें दीडपट जड असतो. हवेची जागा पाण्यानें घेतली कीं तें आपोआप तळाशीं बसतें. त्याला कधीं पंधरा दिवस, कधीं दोन-तीन महिने लागतात. घाई असेल त्यानें तें नायलॉनच्या दोऱ्यानें काळ्या दगडास बांधावें. शहाबादी फरशी चुनखडीची असल्यानें पाणी जड करते.

पेटींत ठेवल्यावर प्रथम पांढरी, बुळबुळीत साय चढते. ती पाहून पुष्कळ जण घाबरतात. वस्तुतः ती निरुपद्रवी असते, पुसली कीं जाते आणि कांहीं आठवड्यांत येईनाशी होते. पाण्यावर तेलकट तवंग दिसला किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर मात्र लांकूड तत्काळ काढून टाकावें व बरेंचसें पाणी बदलावें. याकरितांच नवा तुकडा पेटींत घालण्यापूर्वीं आठ दिवस निराळ्या बादलींत स्वच्छ पाण्यांत ठेवून पाहावा.