सायकलच्या चाकाची रिम

मुंबईच्या उपनगरांत अलीकडे एक नवी हौस रूढ झाली आहे. रविवारीं उजाडण्यापूर्वीं बोरिवली, अंधेरी, घाटकोपर व मुलुंड येथील तरुण मंडळी, आणि त्यांच्याबरोबर कित्येक प्रौढ स्त्रीपुरुषहि, शर्यतीच्या धाटणीच्या हलक्या सायकली घेऊन बाहेर पडतात. कोणी घोडबंदरचा रस्ता धरतो, कोणी आरे वसाहतींतून पवईकडे वळतो. ही हौस वाढली कीं कारखान्यांतून आलेल्या तयार चाकांवर समाधान होत नाहीं. तुंबा, म्हणजे दुकानांतील भाषेंत हब, एका कारखान्याचा, तारा दुसऱ्याच्या आणि रिम तिसऱ्याची अशी निवड करून चाकें बांधून घेण्याची इच्छा होते. अशा वेळीं दुकानदार वजनाचे आंकडे सांगतो व मित्र नांवें सुचवितात. परंतु ज्या रस्त्यांवर आणि ज्या ऋतूंत हें चाक फिरावयाचें, त्यांचा विचार बहुधा शेवटीं होतो. वास्तविक तो प्रथम व्हावयास हवा.

रिमचें कार्य काय, हें आधीं पाहिलें पाहिजे. बैलगाडीच्या चाकांत तुंबा आपल्या खालच्या आऱ्यांवर उभा असतो. आऱ्यांना दाब सोसावा लागतो, म्हणून ते लांकडाचे व जाड असतात. सायकलच्या चाकाची तार अवघी २ मिलिमीटर जाडीची. तिच्यावर दाब आला तर ती तत्काळ वांकेल. म्हणून ती आधींच ताणून बसविलेली असते. चांगल्या बांधलेल्या चाकांत एकेका तारेवर सुमारें १०० किलोग्रॅमपर्यंत ताण असतो. स्वार बसला म्हणजे जमिनीजवळच्या मोजक्या तारांचा ताण थोडासा उतरतो, इतकेंच. ह्या सर्व तारा रिमला आंत ओढीत असतात आणि रिम त्यांना विरोध करून उभी असते. ती ताठ असेल तर खड्ड्याचा धक्का अधिक तारांत वांटला जातो. लवचिक असेल तर तो दोन-चार तारांवरच येतो. म्हणूनच २० किंवा २४ तारांच्या चाकाला खोल व ताठ रिम लागते. शिवाय अशा चाकाची एक तार तुटली तर चाक इतकें डगमगतें कीं सायकल खांद्यावर घेण्याची पाळी येते. ३२ तारांच्या चाकाची एक तार गेली तरी मनुष्य सांवकाश घरीं पोंचतो. ज्याचें वजन ७०-८० किलो आहे व ज्याला रोज उपनगराच्या रस्त्यांवरून जावयाचें आहे, त्यानें ३२ छिद्रांची रिम घेण्यांतच शहाणपण आहे.

ह्या बाबतींत जुन्या पिढीचा अनुभव उपयोगी पडण्यासारखा आहे. ज्या घरांत वरळीच्या हिंद सायकल्स कारखान्याची सायकल एके काळीं होती (ह्या कंपनीचें १९८० सालीं राष्ट्रीयीकरण झालें), त्या घरांतील वडीलधाऱ्यांना पोलादी रिम ठाऊक असेल. तशा सायकलीला पुढच्या चाकांत ३२ व मागच्या चाकांत ४० तारा घालण्याची इंग्रजी पद्धत होती. ती रिम दणकट खरी. पण मुलामा दिलेलें पोलाद पावसांत भिजलें कीं ब्रेकचें रबर त्यावरून नुसतें घसरत असे. अल्युमिनियमच्या मिश्रधातूची रिम आली ती हलकेपणासाठीं. १९३४ च्या टूर द फ्रान्स शर्यतींत अँतोनँ माञ ह्या स्वारानें धातूच्या हलक्या रिम लांकडासारख्या रंगवून वापरल्या, असें त्या बनविणाऱ्या मॅव्हिक कंपनीकडून सांगण्यांत येतें. माञ ती शर्यत जिंकलाहि. पण हलकेपणाहून मोठा लाभ निराळाच होता. ओल्या अल्युमिनियमवर रबराची पकड पोलादाहून पुष्कळच चांगली बसते. मात्र पोलाद झिजत नसे तेवढें अल्युमिनियम झिजतें, आणि खरा प्रश्न येथूनच सुरू होतो.

उपनगरांत जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत साधारणतः २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. रस्त्यावरील वाळू, सिमेंट व खडीची भुकटी पाण्याबरोबर रिमवर उडते आणि ब्रेकच्या रबरांत रुतून बसते. मग प्रत्येक वेळीं ब्रेक दाबला कीं तें रबर कानशीसारखें काम करतें. नव्या रिमची भिंत साधारण दीड मिलिमीटर जाड असते. ती एक मिलिमीटरच्या खालीं गेली कीं धोका सुरू होतो. कारण टायरमधील हवा, दर चौरस सेंटिमीटरला पांच-सहा किलोच्या दाबानें, त्या भिंतीला सतत बाहेर रेटीत असते. एखाद्या दिवशीं, आणि तो बहुधा उताराचा व जोरानें ब्रेक दाबण्याचा क्षण असतो, भिंत फाटते व टायर फुटतो. पुढच्या चाकाच्या बाबतींत असें झालें तर स्वाराला सांवरण्यास वेळ मिळत नाहीं. म्हणून ज्या सायकलीचे ब्रेक रिमवर दाबतात, तिच्यासाठीं जाड भिंतीची आणि झीज दाखविणारी खूण असलेली रिम घ्यावी. ही खूण म्हणजे भिंतीवरची एक बारीक खांच किंवा खळगा. तो नाहींसा झाला कीं रिमचें आयुष्य संपलें असें समजावें.

ज्या सायकलीला डिस्क ब्रेक आहेत तिची गोष्ट वेगळी आहे. आंतरराष्ट्रीय सायकल-संघटनेनें २०१८ मध्यें सडक-शर्यतींत ह्या ब्रेकला कायमची मोकळीक दिली, आणि तेव्हांपासून नव्या सायकली बहुतेक त्याच धर्तीच्या निघतात. येथें रिम झिजत नाहीं. परंतु थांबविण्याचा सगळा जोर तुंब्याकडून तारांतून रिमकडे जातो. त्यामुळें दोन्ही चाकांत तारा एकमेकींना छेदून बांधणें अवश्य असतें. मुंबईच्या पावसाचा विचार करतां नवी सायकलच घ्यावयाची असेल तर डिस्क ब्रेकची घ्यावी, हें सांगण्यास संकोच नको.

आतां रुंदी. पूर्वीं शर्यतीच्या रिमची आंतील रुंदी १३ ते १५ मिलिमीटर असे व तीवर २३ मिलिमीटरचा टायर बसे. आज १९ ते २१ मिलिमीटरची रिम आणि २८ किंवा ३० मिलिमीटरचा टायर ही जोडी सर्वमान्य झाली आहे. काँक्रीटच्या सांध्यांवर, पेव्हर ब्लॉकच्या फटींवर आणि उड्डाणपुलांच्या लोखंडी जोडांवर रुंद टायर कमी हवेंत चालतो. धक्का तो स्वतः गिळतो व रिमची कड शाबूत राहते. मात्र जुन्या सांगाड्यांत व जुन्या ब्रेकांत रुंद टायर मावत नाहीं, तेव्हां आधीं जागा मोजून पाहावी. आंतल्या कडेला आंकडा नसलेल्या रिम हल्लीं निघाल्या आहेत. त्यांत सुमारें ७२ पौंडांहून अधिक हवा भरावयाची नसते व ठराविक टायरच बसवावयाचे असतात. ही शिस्त पाळणें होणार नसेल तर आंकड्याची रिमच बरी.

वजनाविषयीं जें बोललें जातें त्याचा हिशेब सोपा आहे. समजा, दोन्ही रिम मिळून २०० ग्रॅम वजन वांचलें. वेग वाढवितांना रिमचें वजन फिरतेंहि व पुढेंहि जातें, म्हणून तें सुमारें दुप्पट धरावें, म्हणजे ४०० ग्रॅम. स्वार व सायकल मिळून ८० किलो असतील तर हा लाभ शेंकडा अर्धा झाला. एकदां वेग स्थिर झाला कीं सपाट रस्त्यावर तोहि उरत नाहीं, आणि चढणीवर २०० ग्रॅम हे २०० ग्रॅमच असतात. एवढ्या लाभासाठीं भिंत पातळ करून घेणें हा व्यवहार आंतबट्ट्याचा आहे. कार्बनच्या खोल रिम वाऱ्याला कापतात हें खरें. पण तो फायदा मोठ्या व अखंड वेगांत दिसतो. सिग्नलामागून सिग्नल घेणाऱ्या रस्त्यावर तो फारसा हातीं लागत नाहीं, आणि ठाण्याच्या खाडीवरील आडव्या वाऱ्यांत खोल रिम पुढचें चाक ढकलते. रिमवर दाबणाऱ्या ब्रेकखालीं ओला कार्बन उशिरां थांबतो. शिवाय खड्ड्यांत आपटल्यावर अल्युमिनियम वांकतें व तें डोळ्यांना दिसतें. कार्बनची चीर मात्र आंत लपून राहूं शकते.

खरेदी करतांना रिम कांचेवर आडवी ठेवून ती सपाट टेकते कीं नाहीं हें पाहावें, आणि सांध्यावरून नख फिरवावें. नख अडलें तर ब्रेक तेथें दर फेऱ्याला ठेंचाळणार. मागच्या चाकांत दांत्यांच्या बाजूच्या तारा फार ताणाव्या लागतात व डाव्या बाजूच्या तारांचा ताण कधीं कधीं निम्म्यावर येतो. छिद्रें एका बाजूस सरकविलेली रिम मिळाल्यास हा फरक कमी होतो. बांधलेल्या चाकाच्या तारा बोटानें छेडून पाहाव्या. तंबोऱ्याप्रमाणें एका बाजूच्या सर्व तारा जवळजवळ एकाच सुरांत बोलल्या, तर कारागिरानें ताण सारखा दिला असें समजावें.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चांगला तुंबा वर्षानुवर्षें टिकतो. रिम संपण्यासाठींच असते. म्हणून रूढ मापाची व पुन्हा मिळण्याजोगी रिम घ्यावी. त्याच व्यासाची नवी रिम मिळाली तर ती जुनीशेजारीं बांधून, त्याच तारा एकेक करून तिच्यांत ओंवतां येतात. खर्च केवळ रिमचा व मजुरीचा होतो. मे महिन्याच्या अखेरीस एकदां आणि दसऱ्याच्या सुमारास एकदां भिंतीवर सरळ पट्टी धरून पाहावी. पट्टीखालीं खोलगट फट दिसली, तर ती सायकल त्या दिवशीं रस्त्यावर नेऊं नये.