रक्त कोणाचें, राज्य कोणाचें?

(शिरपूर येथें शेतकरी व कारागीर बांधवांपुढें दिलेलें व्याख्यान)



आज दूरदेशची हकीकत सांगावयाची आहे. पण तिची खूण आपल्याच डोंगरांत आहे, म्हणून सुरुवात येथूनच करतों. शिरपूरहून आग्रारस्त्यानें उत्तरेस निघालें, कीं पळासनेर ओलांडून पुढें सेंधव्याचा घाट लागतो. कंपनीच्या राज्यांत या घाटाची राखण भिल्ल नाइकांकडे होती. आधीं गुमानसिंग नाईक, त्याच्यामागें त्याचा मुलगा खाज्या नाईक. ज्या सरकारची वाट त्यानें राखली, त्याच सरकारावर तो १८५७ सालीं उठला. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत मुंबईकडे चाललेला सुमारें सात लाखांचा सरकारी खजिना भिल्लांनीं घाटांत अडवून घेतला. ११ एप्रिल १८५८ रोजीं सातपुड्यांत आंबापाणी येथें इंग्रजी फौजेशीं लढाई झाली. पुष्कळ भिल्ल पडले. धरलेल्यांपैकीं कित्येकांना तेथेंच गोळ्या घातल्या, शेंकडों बायकांना कैद केलें. १८६० सालीं खाज्या नाइकाला त्याच्याच विश्वासांतल्या माणसानें दग्यानें मारलें. त्याचा जोडीदार भीमा नाईक १८६७ सालीं धरला गेला आणि १८७६ सालीं अंदमानांत मरण पावला.

सरकारी कागदांत हे दोघे लुटारू ठरले. कागद कोणी लिहिला? ज्याच्या हातीं सत्ता आणि लेखणी होती त्यानें. तीर मारणाऱ्याच्या हातीं लेखणी नव्हती.

आतां समुद्रापलीकडे चला. कोलंबस १४९२ सालीं अमेरिकेच्या किनाऱ्यास लागला, आणि त्यानंतर तीनशें वर्षें त्या खंडाच्या मोठ्या भागावर स्पेनच्या राजाचा अंमल होता. पेरू देशांत मूळच्या लोकांना पोटोसीच्या चांदीच्या खाणींत पाळीपाळीनें वेठीस जावें लागे. गांवोगांवचे मुखिये, म्हणजे आपल्याकडच्या नाईक-पाटलांसारखेच, कर गोळा करून देत आणि वेठीचीं माणसें पुरवीत. त्यांतलाच एक मुखिया तुपाक अमारू. आपल्या लोकांची वेठ माफ करा, म्हणून त्यानें आधीं रीतसर अर्ज केले. ऐकलें कोणीं नाहीं. तेव्हां १७८० च्या नोव्हेंबरांत त्यानें जुलमी अंमलदाराला धरून फांसावर चढविलें आणि हजारों शेतकरी त्याच्यामागें उभे राहिले. दाणागोटा, माणसें, निरोप यांची सारी व्यवस्था त्याची बायको मिकाएला बास्तिदास पाहत असे. १८ मे १७८१ रोजीं कुस्को शहराच्या चौकांत दोघांनाही मारलें. एवढ्यावर सरकारचें समाधान झालें नाहीं. मूळच्या लोकांचे जुने पोषाख आणि त्यांची बोलीसुद्धां बंद करण्याचे हुकूम सुटले. माणूस मारला तरी आठवण उरते, हें जुलमी सरकारास बरोबर कळतें.

पुढें १८१० पासून दुसरा उठाव झाला. याचे पुढारी बहुतेक त्याच भूमींत जन्मलेले गोरे जमीनदार आणि शिकलेले लोक. व्हेनेझुएलाचा बोलिव्हार आणि आर्जेंटिनाचा सान मार्तीन हे त्यांतले थोर. त्यांचें शौर्य खरें होतें. त्यास कमी लेखण्याचें कारण नाहीं. पण फौजेंत मरणारे कोण होते? शेतकरी, गुराखी, गुलाम. बोलिव्हार हरून पळाला तेव्हां हैती येथील माजी गुलामांच्या राज्यानें त्याला हत्यारें दिलीं, आणि मोबदल्यांत एकच मागितलें: गुलामांना मोकळें करा. बोलिव्हारानें वचन दिलें, हुकूमही काढले. पण त्याच्या देशांतल्या जमीनदारांनीं गुलामगिरी १८५४ पर्यंत चालूं ठेविली. पेरूंत सान मार्तीननें १८२१ सालीं मूळच्या लोकांवरचा कर उठविला. नव्या स्वतंत्र सरकारनें तोच १८२६ सालीं दुसऱ्या नांवानें परत बसविला.

मेक्सिकोची गोष्ट याहून बोलकी आहे. तेथें इदाल्गो नांवाच्या पाद्र्यानें १६ सप्टेंबर १८१० रोजीं गरीब शेतकऱ्यांना हांक दिली. त्याच्यामागें मोरेलोस उभा राहिला. हा तरुणपणीं खेंचरें हांकून पोट भरलेला मिश्र रक्ताचा माणूस. दोघांनाही गोळ्या घातल्या. १८२१ सालीं स्वातंत्र्य आलें तें कोणाच्या हातीं? ज्या इतुर्बिदेनें सरकारच्या बाजूनें मोरेलोसच्या माणसांना मारलें होतें, त्याच्याच हातीं! पुढल्या सालीं तो बादशहा होऊन बसला. आणि १९१० सालीं, शंभर वर्षांनीं, झापाता या शेतकऱ्याला पुन्हां जमिनीसाठींच बंदूक उचलावी लागली.

बंधूंनो, परका गेला म्हणजे गुलामी गेली असें नव्हे, हें महात्मा जोतीरावांनीं ओळखलें होतें. म्हणून १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक त्यांनीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतल्या ज्या सज्जनांनीं निग्रो गुलाम मोकळे केले, त्यांना अर्पण केलें.

आपल्या देशांत एक गोष्ट त्या देशांपेक्षां बरी झाली. १९४७ सालीं स्वातंत्र्य मिळालें आणि १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकींत अडाणी, शहाणा, स्त्री, पुरुष साऱ्यांना मत मिळालें. पेरूंत निरक्षरांना तें मिळण्यास १९७९ ची राज्यघटना यावी लागली. आणि तेथें निरक्षर म्हणजे मुख्यतः तुपाक अमारूचेच भाऊबंद! पण मत मिळालें म्हणून जमीन मिळाली असें होत नाहीं. डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या भिल्ल-पावऱ्यांच्या हक्कासाठीं वनहक्काचा कायदा झाला तो २००६ सालीं, म्हणजे स्वातंत्र्यानंतर एकोणसाठ वर्षांनीं. कायदा आपोआप चालत घरीं येत नाहीं. दावा ग्रामसभेपुढें मांडावा लागतो, पुरावे जोडावे लागतात, दावा फेटाळला तर कारण लेखी मागून साठ दिवसांत वर दाद मागावी लागते.

म्हणून माझें मागणें दोनच गोष्टींचें आहे. मैदानांतल्या शेतकऱ्यानें, लोहारानें, सुतारानें डोंगरांतल्या भावाचा दावा परका मानूं नये. ज्याला लिहितां येतें त्यानें त्याचा अर्ज लिहून द्यावा. आणि मुलाबरोबर मुलीलाही शाळेंत घालावें. मेक्सिकोंतला बेनितो हुआरेस हा मूळच्या लोकांतला पोरका पोर. लहानपणीं मेंढ्या राखी, बारा वर्षांचा होईतों त्याला राजभाषा धड येत नव्हती. तो शिकला आणि १८५८ सालीं देशाचा अध्यक्ष झाला. खाज्या नाइकाच्या हातीं तीर होता. त्याच्या नातवंडांच्या हातीं कागद आणि लेखणी देणें आपल्या हातांत आहे. तें काम याच वर्षीं, आपापल्या गांवापासून सुरू करा.