उत्तराऐवजीं अश्रू



धर्मग्रामाच्या ज्युबिलीप्रसंगीं आम्हीं एका कादंबरीविषयीं बोलावें, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु तिच्या योगें आमच्या हातून घडलेली एक चूक आम्हांस उमगली. ती आपणांस सांगणें हें आम्ही कर्तव्य समजतों.

दोस्तोयेव्हस्की या रशियन ग्रंथकारानें १८८० सालीं पूर्ण केलेली 'कारामाझोव्ह बंधु' ही कादंबरी आम्हीं सेमिनरींत असतांना हातीं घेतली व अर्ध्यावर टाकली. तींतील ईव्हान हा बुद्धिमान तरुण पुसतो कीं, निरपराध बालकांच्या यातनांवर उभारलेलें सौख्य कोणीं कां स्वीकारावें? पुढें त्याच्याच कथेंत सेव्हिल शहरांतील एक वृद्ध धर्मन्यायाधीश खुद्द प्रभु ख्रिस्तास कैद करतो. ख्रिस्तसभेवरील तो प्रहार वाचून आम्हांस राग आला. खरें सांगावयाचें तर भय वाटलें.

पुढें धर्मगुरु झाल्यावर, मूल गमावलेल्या एका मातेस 'देवाची इच्छा' एवढेंच सांगून आम्ही परतलों. तिनें मान हालविली. पण तिची ती दृष्टि आम्हांस विसरतां आली नाहीं.

यंदा उपवासकाळांत तो ग्रंथ आम्हीं शेवटपर्यंत वाचला. त्यांत जोसिमा नांवाच्या वृद्ध मठवाशाकडे एक शोकाकुल शेतकरीण येते. तिचें मूल स्वर्गांत आहे, असें तो प्रथम सांगतो. तेवढ्यानें तिचें समाधान होत नाहीं, हें पाहून तो तिला रडण्याची मोकळीक देतो, मुलाचें नांव विचारतो, आणि प्रार्थनेंत त्याचें स्मरण करण्याचें वचन देतो. तें नांव अलेक्सेय. ग्रंथकाराचा स्वतःचा अलेक्सेय १८७८ सालीं, पुरतीं तीन वर्षेंही न भरतां, वारला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं तो ओप्टिना मठांत वृद्ध अम्ब्रोसी यांस भेटला.

ख्रिस्तसभेविषयींचें ग्रंथकाराचें मत आम्हांस आजही मान्य नाहीं. ईव्हानाच्या प्रश्नाचें युक्तिवादानें निरसनही तेथें आढळत नाहीं. धर्मन्यायाधीशाच्या दीर्घ भाषणावर ख्रिस्त एक शब्दही बोलत नाहीं; त्याच्या ओठांचें केवळ चुंबन घेतो.

आम्हीं मात्र त्या मातेस मुलाचें नांवही विचारलें नव्हतें.

ईस्टरनंतर आम्ही तिच्या घरीं गेलों व तें विचारलें. तिनें सांगितलें, आणि मग ती पुष्कळ वेळ रडली. आम्ही जवळ बसून राहिलों. आजच्या मिस्सेंत वेदीपाशीं आम्ही मनांतल्या मनांत तें नांव घेतलें. बंधुभगिनींनो, दुःखाच्या घरीं जाल तेव्हां उत्तराची घाई करूं नका. आधीं नांव विचारा.