जाड पिन, बारीक पिन

नांदेड असो की लातूर, पावसाची झड लागली की कपडे वाळता वाळत नाहीत. मग घरात कपडे वाळवायचं विजेचं मशीन येतं. थंडीत गिझर येतो. खोक्यातून वायर बाहेर काढली की लक्षात येतं, हिचा प्लग आपल्या बोर्डात बसतच नाही.

बसत नाही, ते बरंच आहे. घरात सॉकेट दोन मापांचे असतात. लहान 6 अँपिअरचा, पंखा-टीव्हीसाठी. मोठा 16 अँपिअरचा. त्याला आपण पॉवर प्लग म्हणतो. हिशेब सोपा आहे. मशीनवर लिहिलेल्या वॅटच्या आकड्याला 230 व्होल्टने भागा. 2000 वॅटचा गिझर जवळपास 9 अँपिअर ओढतो. लहान सॉकेटला हा भार झेपत नाही.

म्हणून पिना घासून किंवा उघड्या तारा खोचून काम भागवू नका. वायर तापते, सॉकेट काळा पडतो, जळका वास येतो. हा आगीचा इशारा आहे, लगेच खटका बंद करा.

प्लगची लांब, जाड पिन अर्थिंगची. ती आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते. शॉकपासून तीच वाचवते. ती कधीही कापू नका.

परवानाधारक वायरमनकडून स्वतंत्र जाड तांब्याची वायर, 16 अँपिअरचा सॉकेट आणि योग्य एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद होणारा खटका) बसवून घ्या. अर्थिंग तपासा, वीज गळली की पुरवठा तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबीही लावा. खर्च एकदाच होतो, पण घरातली माणसं सुरक्षित राहतात.