अमानत कोणाची?

अमानत हा शब्द आपल्या मराठीत चांगला रुळलेला आहे. दुसऱ्याची वस्तू विश्वासाने आपल्याकडे आली की ती अमानत. ती सांभाळणाऱ्याची कामे दोन. तिऱ्हाइतापासून ती राखायची आणि मालक दारात आला की मुकाट्याने त्याच्या हाती द्यायची. शाळा-कॉलेजांच्या कपाटांत आपल्या मुलांची अशीच अमानत असते : जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख, जात, धर्म, गुणपत्रिका, उत्तरपत्रिका, वर्तणुकीचे शेरे.

पण पुष्कळदा ही दोन्ही कामे उलटी होतात. मुलाने आपलीच उत्तरपत्रिका पाहायला मागितली की 'ती गोपनीय आहे' असे उत्तर मिळते. तोच मुलगा किती विषयांत नापास झाला, हे मात्र नावासकट फलकावर लागते आणि हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवरही फिरते.

२००८ साली परीक्षेला बसलेल्या एका विद्यार्थ्याला मिळालेले गुण पटले नाहीत. त्याने माहितीच्या अधिकाराच्या २००५च्या कायद्याखाली आपल्या उत्तरपत्रिका मागितल्या. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने नकार दिला. आमच्याकडची ही माहिती विश्वासाच्या नात्यातली आहे, असे त्यांचे म्हणणे. प्रकरण कोलकाता उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ ऑगस्ट २०११ रोजी न्यायमूर्ती रवींद्रन आणि न्यायमूर्ती पटनाईक यांनी निकाल विद्यार्थ्याच्या बाजूने दिला. त्यातला एक मुद्दा फार मोलाचा आहे. विश्वासाचे नाते मानायचेच झाले, तर ते त्या परीक्षार्थ्याशी आहे. म्हणजे कागद परक्यापासून राखावा, खुद्द त्याच्यापासून नव्हे. पेपर तपासणाऱ्याचे नाव मात्र झाकावे, कारण त्याच्याही सुरक्षिततेचा प्रश्न असतो.

या निकालाला मर्यादा आहेत. माहितीच्या अधिकारात पेपर पाहता येतो, फेरतपासणी मागता येत नाही. मंडळ उत्तरपत्रिका ठरावीक मुदतीपर्यंतच जपून ठेवते, म्हणून अर्ज वेळेत करावा. साधारणपणे दहा रुपये शुल्क लागते आणि तीस दिवसांत उत्तर यायला हवे.

शाळा सोडल्याच्या दाखल्याचेही तसेच. कुठे फी थकली म्हणून, कुठे रागापोटी तो अडवून ठेवला जातो आणि मूल घरी बसते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलांपुरते हे स्पष्ट केले आहे : दाखला यायला उशीर झाला, एवढ्यावरून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

आता दुसरे काम, राखण्याचे. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली एकमुखाने सांगितले. तरीही शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे म्हणून भर वर्गात 'या जातीची, या धर्माची मुले उभी राहा' असे सांगितले जाते. सरांच्या मनात काही नसते, त्यांना यादी पुरी करायची असते. पण उभे राहिलेले पोर त्या दिवशी सगळ्यांच्या नजरा अंगावर घेऊन घरी जाते. हीच माहिती रजिस्टरमध्ये लिहिलेली असते. ते उघडून गुपचूप यादी करायला फार तर अर्धा तास लागेल.

पालकांनी एवढे करावे. आपल्या मुलाचा कागद मागताना संकोच करू नये, अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. आणि शेजारच्या मुलाचे गुण मोबाइलवर आले, तर ते पुढे पाठवू नयेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)