सोमवारची छाती



मी डॉक्टर नव्हे. शरीरशास्त्र शिकलो ते कामगारांच्या तक्रारींतून. नाकातून शिरलेली हवा श्वासनलिकेवाटे दोन्ही फुप्फुसांतील कोट्यवधी वायुकोशांत पोचते. तेथे प्राणवायू रक्तात उतरतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. स्वस्थ बसलेला माणूस दर श्वासाला सुमारे अर्धा लिटर हवा घेतो. राबणारा कितीतरी अधिक. जाडी धूळ नाकातच अडते, बारीक धूळ खोल जाते. सूतगिरणीत कापसाच्या धुळीने श्वासनळ्या आवळतात, रविवारच्या सुटीत सैलावतात, सोमवारी पुन्हा आवळतात. पुढे वार उरत नाही. या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. मुकादम मात्र त्याला सोमवारचा आळस म्हणत! तेव्हा पगाराइतक्याच हक्काने आम्ही धूळ ओढणारे यंत्र मागतो.