फोनच्या किल्ल्या कुणाकुणाकडे?

चुलीपुढं असाल, गोठ्यात असाल, नाहीतर निवडायला शेंगा घेऊन बसला असाल, तर काम चालू राहू द्या. ऐकता ऐकता होण्यासारखा आजचा विषय आहे. फक्त निम्म्यावर आलो की हात पुसून फोन हातात घ्यायचा. आज आपण फोनमधल्या ब्लूटूथविषयी बोलणार आहोत. ब्लूटूथ चालू कसं करायचं हे तुमच्या घरातल्या पाचवीतल्या पोरालाही येतं. आम्हाला बोलायचं आहे ते जुन्या जोड्या काढून टाकण्याविषयी.

आम्ही समन्वयक बायका महिन्याला बऱ्याच गटांच्या बैठकांना जातो. हल्ली बैठकीत आम्ही एक प्रश्न विचारतो, "तुमच्या घराच्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत?" उत्तर लगेच येतं. एक माझ्याकडं, एक सासूबाईंकडं, एक शेजारच्या काकूंकडं. मग विचारतो, "आणि तुमच्या फोनच्या?" तेव्हा सगळ्या एकमेकींकडं बघतात.

ब्लूटूथने फोन दुसऱ्या यंत्राला जोडतो त्याला पेअर करणं म्हणतात, म्हणजे जोडी लावणं. पहिल्या वेळी फोन विचारतो, "जोडू का?" कधी दोन्हीकडं एकच आकडा दाखवतो आणि जुळतोय का ते बघायला सांगतो. आपण हो म्हटलं की दोन्ही यंत्रं आपापसात एक गुप्त किल्ली ठरवून घेतात आणि ती दोघंही जपून ठेवतात. पुढच्या वेळी ब्लूटूथ चालू असेल आणि ते यंत्र दहाएक मीटरच्या आत असेल, तर ती परस्पर जुळतात, पुन्हा कुणी विचारत नाही. ही सोय आहे म्हणून तर कानातलं लावलं की लगेच गाणं सुरू होतं. पण आपण एकदा दिलेला होकार वर्षानुवर्षं तसाच राहतो.

या नावाचीही एक गंमत आहे. दहाव्या शतकात डेन्मार्क देशात हॅराल्ड नावाचा राजा होता. त्याचं टोपणनाव ब्लूटूथ, म्हणजे निळ्या दाताचा. वेगवेगळ्या टोळ्यांना एका राज्यात आणणारा राजा म्हणून त्याची ख्याती. १९९८ मध्ये पाच कंपन्या एकत्र आल्या आणि वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं वायरीशिवाय जोडण्याच्या या तंत्राला त्यांनी त्याच राजाचं नाव दिलं. फोनवरची ती निळी खूण म्हणजे त्याच्या नावाची जुन्या लिपीतली दोन अक्षरं एकात एक घातलेली. जोडणाऱ्याचं नाव सगळ्यांना पाठ झालं. आज आपण सोडवायचं शिकू.

ही यादी वाढते कशी? पोरगं मित्राच्या स्पीकरला फोन जोडतं. हळदीच्या दिवशी मांडवातल्या साऊंडवाल्याला कुणीतरी जोडतं. भावजयीचा नेकबँड एकदा वापरून बघितलेला असतो. दीर नवी गाडी घेतो आणि गाणी लावायला आपला फोन मागतो. लोक गेले, मांडव उठला, स्पीकर बिघडला, तरी नावं फोनात राहतातच. एका बैठकीत एका ताईंच्या फोनमध्ये चौदा नावं निघाली. त्या म्हणाल्या, "अगं बाई, मी तर कुणालाच जोडलं नाही!" खरंच होतं. फोन त्यांचा, होकार दुसऱ्यांचे.

आता तुम्ही म्हणाल, राहिली नावं तर राहू देत, खायला मागतात का? तर आमच्या भागातल्या एका गटात काय झालं ते सांगतो. गावाचं नि बायकांचं नाव सांगणार नाही.

त्या गटाच्या बायका वडापची जीप ठरवून जोतिबाला गेल्या होत्या. वाटेत गाणी लावायला अध्यक्षताईंचा फोन जीपच्या म्युझिक सिस्टिमला जोडला. जोडताना फोनने विचारलं, नंबर आणि कॉलची माहिती या यंत्राला देऊ का? गडबडीत कुणीतरी हो दाबलं. दर्शन झालं, सगळ्या घरी आल्या, विषय संपला.

पुढं दोन महिन्यांनी अध्यक्षताई बँकेच्या कामाला तालुक्याला निघाल्या. योगायोगाने तीच जीप. आत दहाबारा माणसं. तेवढ्यात गटातल्या एका सभासदाचा फोन आला. ताईंनी उचलून कानाला लावला, तर कानात काहीच ऐकू येईना. आवाज येत होता तो जीपच्या स्पीकरमधून. रडत रडत ती बाई सांगत होती की नवऱ्याने रात्री मारलं, गटाच्या कर्जाच्या हप्त्याचे पैसेही काढून घेतले, आणि मी माहेरी निघालेय, पण कुणाला सांगू नका. ताईंना वाटलं रेंज नाही, म्हणून त्या "हॅलो, हॅलो" म्हणत राहिल्या, आणि ती बाई आणखी मोठ्यानं बोलत राहिली. ड्रायव्हरच्या लक्षात येऊन त्याने बंद करेपर्यंत सगळं बोलून झालं होतं. जीपमध्ये तिच्या सासरच्या भावकीतली दोन माणसं बसली होती. ती माहेरी पोचायच्या आधी तिच्या घरी बातमी पोचली.

ती बाई पुढं कितीतरी दिवस बैठकीला आली नाही. अध्यक्षताई आणि आम्ही दोन वेळा तिच्या माहेरी गेलो. ती एकच वाक्य बोलली, "ताई, मी तुम्हाला एकटीला सांगितलं होतं." आता ती परत आली आहे, हप्ताही भरते. पण काही सांगायचं असलं की फोन करत नाही, समोर येऊनच सांगते.

मैत्रिणींनो, यात अध्यक्षताईंनी कुणाचं गुपित फोडलं नव्हतं. एका जुन्या जोडीने ते फोडलं. आपण अध्यक्ष असतो, सचिव असतो, बँक सखी असतो. आपल्या फोनमध्ये फक्त आपलं असं काही उरत नाही. वीस बायकांचे नंबर असतात, कुणाचा हप्ता थकलाय, कुणाच्या पोटात काय आहे, कुणाच्या घरात काय चाललंय हे सगळं त्या फोनवरून येतं-जातं. गटाची पेटी जशी आपण कुलपात ठेवतो, तसा हा फोनही कुलपातला आहे. त्याच्या जास्तीच्या किल्ल्या बाहेर राहू द्यायच्या नाहीत.

चला, आता हात पुसा आणि फोन घ्या.

फोनच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढा, म्हणजे पडदा खाली येतो. त्यात ब्लूटूथची खूण दिसेल. ती नुसती टेकवू नका, दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये ब्लूटूथचं पान उघडेल. नाही उघडलं तर सेटिंगमध्ये जा. काही फोनमध्ये तिथंच ब्लूटूथ लिहिलेलं असतं, काहींमध्ये ते कनेक्शन्स किंवा कनेक्टेड डिव्हायसेस या नावाखाली असतं. यादी दिसत नसेल तर ब्लूटूथ चालू करा.

पानावर दोन याद्या दिसतील. वरची पेअर्ड किंवा सेव्ह्ड, म्हणजे जोडी लावलेल्यांची. खालची अव्हेलेबल, म्हणजे आत्ता आसपास असलेल्यांची. खालच्या यादीत शेजाऱ्याचा टीव्ही किंवा वाटेवरच्या कुणाचा फोन दिसला तर घाबरू नका. त्यांच्याकडं तुमची किल्ली नाही. आपलं काम वरच्या यादीत. नावं जास्त असली तर सी ऑल लिहिलेलं असेल, ते दाबलं की सगळी उघडतात.

आता जे नाव काढायचं त्याच्या शेजारी दातेरी चाकाची खूण असेल, ती दाबा. आयफोनमध्ये वर्तुळात आय हे अक्षर असतं. नावावर बोट टेकवू नका, नाहीतर फोन त्या यंत्राला जोडायलाच धावेल. चाक दाबल्यावर फॉरगेट किंवा अनपेअर असा शब्द दिसेल. फोन मराठीत असेल तर विसरा अशा अर्थाचा शब्द शोधा. तो दाबा. फोन पुन्हा एकदा विचारेल, नक्की का? हो म्हणा. झाली सोडचिठ्ठी. ना वकील, ना पंच.

नावं ओळखायची कशी? काही नावं नुसती अक्षरं आणि आकडे असतात. त्यासाठी घरातली आपली यंत्रं एकेक करून चालू करा. ज्या नावाखाली कनेक्टेड असं उमटेल, ते त्या यंत्राचं. ओळख पटली की चाकाच्या पानावर पेन्सिलची खूण बघा. बऱ्याच फोनमध्ये तिथून नाव बदलता येतं. "माझं कानातलं", "पावतीचं यंत्र" असं आपल्या भाषेत लिहून टाका. एवढं करूनही जी नावं कुणाचीच निघत नाहीत, ती काढा.

पण सरसकट सगळी काढू नका. बँक सखींचं पावती छापायचं छोटं यंत्र ब्लूटूथवर चालतं. ते काढलं आणि दारात रांग असली तर पंचाईत होते. सासऱ्यांचं कर्णयंत्र फोनला जोडलेलं असेल तर तेही राहू द्या. चुकून निघालंच तर पुन्हा जोडता येतं. त्यासाठी ते यंत्र जवळ आणि चालू पाहिजे. पावतीच्या यंत्राला बहुतेक वेळा चार शून्य किंवा एक-दोन-तीन-चार असा आकडा लागतो. तो त्याच्या पुस्तिकेत बघून आधीच वहीत लिहून ठेवा.

घरचा स्पीकर भजनाला, गाण्याला लागतो, पण त्यावर फोनचं बोलणं नको, असं असेल तर मधला मार्ग आहे. त्याच्या चाकाच्या पानावर कॉल आणि मीडिया अशी वेगवेगळी बटणं असतात. मीडिया चालू ठेवा, कॉल बंद करा. गाणी वाजतील, बोलणं कानातच राहील. गाडीच्या नावाखाली कॉन्टॅक्ट शेअरिंग असं बटण असेल तर तेही बंद करा.

आणि कधी बोलता बोलता आवाज भलतीकडं जातोय असं वाटलं तर विचार करत बसू नका, सरळ फोन कट करा. मग ब्लूटूथ बंद करून परत फोन लावा. समोरची रागावणार नाही.

एक गोष्ट लोक विसरतात. जोडी दोन्हीकडं लिहिलेली असते. आपण फोनमधून नाव काढलं की ती गाडी आपल्याला विचारल्याशिवाय पुन्हा जुळू शकत नाही. पण आधी तिच्यात उतरलेले नंबर तिच्यातच राहिलेले असू शकतात. म्हणून गाडीच्या पडद्यावरच्या यादीतूनही आपल्या फोनचं नाव काढायला सांगा. ड्रायव्हरदादांना नीट सांगितलं तर ते मिनिटात करतात. घरची गाडी विकताना तर हे न विसरता करा. जुना फोन विकताना किंवा कुणाला देताना आपलं सामान दुसरीकडं घेऊन तो पूर्ण रिसेट करा, म्हणजे जोड्याही पुसल्या जातात.

बैठकीत नेहमी विचारतात, "यानं माझे फोटो जातील का?" नाही. फोटो, गाणी, नंबर, कशालाही धक्का लागत नाही. "फोन पळायला लागेल का?" तेही नाही. ही यादी फार जागा घेत नाही. कुणी असं सांगून पैसे घेत असेल तर देऊ नका, हे काम फुकटचं आणि घरचं आहे. "ब्लूटूथ बंदच ठेवलं तर?" उत्तम. काम झालं की बंद करायची सवय चांगलीच. पण उद्या गाण्यासाठी चालू केलंत की जुन्या किल्ल्याही चालू होतात. म्हणून बंदही ठेवायचं आणि यादीही साफ ठेवायची. "कुणी अनोळखी जोडायला विचारलं तर?" नाही म्हणायचं. जे यंत्र आपल्या डोळ्यांसमोर नाही, त्याला हो नाही.

ज्या गटाची हकिगत सांगितली, त्यांनी ठराव केला आहे. दर महिन्याच्या बैठकीत बचत जमा झाली, वहीवर सह्या झाल्या की पाच मिनिटं फोनची. जिला येतं ती शेजारणीला दाखवते, पण बोट ज्या बाईचा फोन तिचंच. दुसरीने दाबून द्यायचं नाही, कारण मग ती शिकत नाही. ठरावाची नोंद इतिवृत्तात आहे.

तुमच्या गटाची पुढची बैठक कधी आहे? तेव्हा हा विषय घ्या. आणि त्याआधी, आज रात्री जेवणं उरकली की तुमची स्वतःची यादी उघडून नुसती मोजा. किती नावं तुमच्या ओळखीची निघतात, ते पुढच्या वेळी आम्हाला सांगा. नमस्कार.